मार्झिपानचं ग्लुक्सश्वाइन: नववर्षाचं भाग्यवान डुक्कर घरी करताना

मराठीत 'डुक्कर' ही शिवी. जर्मन माणसाचं नशीब मात्र अचानक फळफळलं की तो म्हणतो 'श्वाइन गेहाब्ट', म्हणजे शब्दशः 'डुक्कर लाभलं'. ज्याच्या दारात डुक्कर, त्याची हिवाळ्याची बेगमी झालेली, असा त्यामागचा हिशोब सांगतात. ३१ डिसेंबरला, सिल्वेस्टरच्या (वर्षाच्या शेवटच्या दिवसाच्या) निमित्ताने, जर्मनी-ऑस्ट्रियात मार्झिपानचं गुलाबी डुक्कर एकमेकांना देतात.

मार्झिपान म्हणजे बदाम आणि साखर. ल्युबेक शहराचं नावाजलेलं 'एडलमार्झिपान' ९० टक्के कच्चं मार्झिपान (बदाम जास्त, साखर कमी असलेला मूळ गोळा) आणि १० टक्के वरची साखर या प्रमाणाचं असतं. खायला उत्तम, पण मऊ. आकार घडवायचे तर साखर वाढवावी लागते, म्हणून इथे बदाम आणि साखर समसमान घेतले आहेत.

२०० ग्रॅम बदाम उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवा, साल काढा आणि फडक्यावर रात्रभर पूर्ण वाळू द्या. बहुतेकांचं इथेच चुकतं: ओलसर बदाम वाटले तर लगदा होतो आणि मग त्यात कितीही साखर घातली तरी तो हाताला चिकटतच राहतो. वाळलेले बदाम २०० ग्रॅम पिठीसाखरेतल्या अर्ध्या साखरेबरोबर मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. सलग फिरवल्यास भांडं तापतं, बदामाला तेल सुटतं आणि गोळा तेलकट होऊन फुटतो. पूड चाळा, उरलेली साखर मिसळा आणि गुलाबपाणी चमच्या-चमच्याने घालत मळा. साधारण तीन-चार छोटे चमचे पुरतात. कडू बदामाचा वास हवा असेल तर तयार अर्काचे एक-दोन थेंब घाला. कच्चे कडू बदाम वापरू नका, त्यांतून सायनाइड तयार होतं.

गोळा घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी त्यातला लिंबाएवढा भाग बाजूला काढा आणि बाकीच्यात टाचणीच्या टोकाएवढा गुलाबी जेल रंग मळा. पातळ रंग घातला तर गोळा पुन्हा सैल होतो. रंग हवा त्यापेक्षा फिकाच ठेवा. भडक डुक्कर प्लास्टिकचं वाटतं.

एका डुकराला ३० ग्रॅम: धड १७, डोकं ७, चार पाय मिळून ४, आणि नाक-कान-शेपटीला उरलेले २ ग्रॅम. काम चालू असताना राहिलेला गोळा झाकून ठेवा, नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि कानांना चिरा पडतात. धड अंड्यासारखं वळा. डुक्कर उभं करायच्या फंदात पडू नका, वजनाने पाय पसरतात. पोटावर बसवा आणि पाय बाजूंना चिकटवा. जोड लावायला पिठीसाखर पाण्यात कालवून केलेली दाट पेस्ट वापरा, नुसत्या पाण्याने जोड घसरतो.

सगळी मजा नाकात आहे. चपटी गोल टिकली डोक्याच्या मध्याच्या किंचित खाली बसवा आणि टूथपिकने दोन भोकं पाडा. टिकली वर गेली की डुक्कर माकडासारखं दिसतं, हे खरंच. कान त्रिकोणी, टोकं पुढे दुमडलेली. डोळ्यांना वितळलेल्या चॉकलेटचे दोन ठिपके, शक्यतो जवळजवळ; लांब गेले की चेहरा हताश होतो. शेपटी मात्र शेवईसारखी लांब नको, बारीक वळी टूथपिकभोवती एकदाच गुंडाळून काढा.

बाजूला ठेवलेल्या गोळ्याला हिरवा रंग देऊन क्लोव्हर या छोट्या वनस्पतीचं, भाग्याचं मानलं जाणारं चार दलांचं पान करा आणि ते तोंडाशी लावा. परंपरेने तिथे भाग्याचं नाणंही असतं, पण खायच्या वस्तूत खरं नाणं खोचण्यापेक्षा सोनेरी वेष्टनातलं चॉकलेटचं नाणं शेजारी ठेवलेलं बरं.

जाळीवर बारा तास उघडं वाळवून मग हवाबंद डब्यात, थंड जागी ठेवा. फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर ओल धरून रंग ओघळतो. एवढ्या साहित्यात बारा-तेरा डुकरं होतात.