घरच्या सोयाबीन बियाण्यात किती जीव उरला आहे, हे पेरणीआधी कसे ओळखावे

बियाण्याचे आयुष्य पिकागणिक फार वेगळे असते. इस्राएलमधील मसादा किल्ल्यात सापडलेले, सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे खजुराचे बी 2005 साली रुजले; उलट आपल्याकडे कांद्याचे बी दुसऱ्या वर्षी भरवशाचे राहत नाही. सोयाबीन कांद्याच्याच पंक्तीत बसते. त्याचे टरफल पातळ असते, अंकुर त्या टरफलाच्या लगत असतो आणि दाण्यात सुमारे वीस टक्के तेल असते, त्यामुळे तो लवकर जुना होतो. एका खरिपात निघालेले बियाणे पुढच्या खरिपात पेरून मोकळे व्हावे, तिसऱ्या हंगामासाठी राखू नये.

हे आयुष्य मळणीपासूनच कमी-जास्त होऊ लागते. मळणी यंत्राचा ड्रम मिनिटाला 300 ते 400 फेऱ्यांपेक्षा वेगाने फिरला, किंवा पोते ट्रॉलीतून आपटले, तर दाणा वरून धड दिसला तरी आतला अंकुर दुखावतो. ढोबळ नियम असा आहे की दाण्यातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला, किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी उतरले, की बियाण्याचे आयुष्य जवळपास दुप्पट होते. लातूर-परभणीकडे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो. म्हणून पत्र्याच्या खोलीपेक्षा माळवदाची, म्हणजे मातीच्या जाड छताची, खोली केव्हाही बरी. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि खतापासून वेगळी ठेवावीत, आणि थप्पी सात-आठ पोत्यांपेक्षा उंच लावू नये.

इतके जपले तरी उगवण तपासल्याशिवाय पेरू नये. ही तपासणी मे महिन्यातच उरकावी, म्हणजे निकाल वाईट आला तरी मृगाच्या आधी दुसरे बियाणे शोधायला वेळ मिळतो. प्रत्येक पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ बियाणे काढून ते एकत्र मिसळावे आणि त्यातून न निवडता 100 दाणे मोजावेत. चांगले दाणे वेचून घेतले तर निकाल आपल्या मनासारखा येतो, पण शेतात तसे उगवत नाही. गोणपाटाचा धुतलेला तुकडा भिजवून पिळावा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात, वर दुसरा ओला तुकडा पसरावा आणि गुंडाळी करून सावलीत ठेवावी. सोयाबीन रात्रभर पाण्यात भिजवू नये, कारण टरफल तडकून चांगला दाणाही वाया जातो. गुंडाळीवर रोज पाणी शिंपडावे, पण पाणी साचू देऊ नये. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरीवर विश्वास ठेवता येतो.

सहाव्या-सातव्या दिवशी गुंडाळी उलगडावी. निरोगी रोपाचे मूळ लांब, पांढरे आणि टोकापर्यंत अखंड असते, त्यावर देठ आणि दोन धड दले (दाण्याच्या दोन फाका) असतात. मुळाचे टोक तुटलेले, देठ आखूड व जाड झालेला किंवा दले कुजलेली असतील, तर ते रोप मोजणीत धरू नये. एका वर्षी आम्ही मोड दिसला की दाणा उगवला असे धरले, मोजणी 78 भरली आणि रानात मात्र तासेच्या तासे रिकामी राहिली. दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून घरात मोजणी दोघेजण वेगवेगळी करतात.

शंभरातली 70 किंवा अधिक रोपे निरोगी असतील, तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. 70 च्या खाली प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो वाढवावे, म्हणजे 65 टक्क्यांना साडेबत्तीस आणि 60 टक्क्यांना 35 किलो. 60 च्याही खाली आले तर ते बियाणे पेरूच नये. पेरताना दाणा तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नये, कारण अशक्त अंकुराला जास्त माती फोडून वर येणे झेपत नाही.

बीजप्रक्रिया, म्हणजे बियाण्याला औषध चोळणे, मात्र हा निकाल हाती आल्यावरच, आणि पेरायचे तेवढ्याच बियाण्याला करावी. औषध लावलेले सोयाबीन मोंढ्यावर विकता येत नाही आणि गुरांनाही घालता येत नाही.