लीनचा कोड आला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलू नका: जुन्या बॉक्सस्टरचं मिक्स्चर कसं तपासायचं

जुनी बॉक्सस्टर, म्हणजे पोर्शची स्पोर्ट्स कार, घेऊन कोणी गोव्यात साखळीला आमच्या गॅरेजात येतो, तेव्हा बऱ्याचदा शेजारच्या सीटवर नव्या ऑक्सिजन सेन्सरचा खोका असतो. चेक लाइट पेटली, कोणीतरी स्कॅनर लावला, मिक्स्चर लीन असल्याचा, म्हणजे इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी जात असल्याचा कोड आला आणि लगेच सेन्सर मागवला. एवढे पैसे घालून तो बसवला, तरी थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा पेटतो. जुना सेन्सर खरं तेच सांगत होता: सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन जास्त आहे. तो का जास्त आहे, हे शोधायचं काम आपलं.

मी ९८६ मॉडेलबद्दल, म्हणजे १९९६ ते २००४ मधल्या बॉक्सस्टरबद्दल लिहितोय. तपासायची रीत मात्र फ्युएल इंजेक्शनच्या कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला चालते.

कोड आधी कागदावर उतरवा, पुसायची घाई नको. पी०१७१ म्हणजे बँक एक लीन, पी०१७४ म्हणजे बँक दोन लीन. पी०१७२ आणि पी०१७५ हे रिचचे, म्हणजे पेट्रोल जास्त असल्याचे. पोर्शच्या स्वतःच्या यादीत लीनसाठी पी११२८ आणि पी११३० दिसतात. या इंजिनात तीन सिलिंडर एका बाजूला आडवे, तीन दुसऱ्या बाजूला. प्रत्येक तिघांची एक बँक. दोन्ही बँका एकदम लीन दाखवत असतील तर दोष सामाईक जागी आहे: हवेची वाट, आत जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर, नाहीतर पेट्रोलचं प्रेशर. एकच बँक लीन असेल तर त्या बाजूचं गॅस्केट, इंजेक्टर किंवा एक्झॉस्ट बघा. एवढ्यानं निम्मी शोधाशोध वाचते. कोडसोबत फ्रीझ फ्रेमही वाचा. दिवा पेटला तेव्हा आरपीएम किती, इंजिन किती तापलेलं, लोड किती, हे त्यात असतं. कोड पुसला की ते जातं आणि इंजिनच्या कॉम्प्युटरनं पेट्रोल कमीजास्त करून शिकलेली दुरुस्तीही जाते.

ही दुरुस्ती म्हणजेच फ्युएल ट्रिम. डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला साधा ब्लूटूथ अॅडाप्टर लावला तरी मोबाइलवर ती दिसते. शॉर्ट टर्म आकडा क्षणाक्षणाला हलतो, लाँग टर्म सावकाश बदलतो. अधिक म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतोय, उणे म्हणजे कमी करतोय. दहा टक्क्यांच्या आत असला तर चिंता नाही. वीस-पंचवीसच्या पुढे गेला की दिवा पेटतो.

इथे ई-२० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा हिशेब धरलाच पाहिजे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला वजनानं हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी पेट्रोल साधारण आठ टक्के जास्त जातं. या गाड्या बनल्या तेव्हा आपल्याकडे ई-२० नव्हतं, त्यामुळे ठणठणीत गाडीचा ट्रिमही आज अधिक पाच ते आठवर बसलेला दिसतो. पूर्वी पचून गेली असती अशी बारीक गळती त्यावर पडली की कोड येतो. म्हणून गाडी चांगली असतानाच आपला नेहमीचा आकडा टिपून ठेवा.

आता आकडे तीन ठिकाणी घ्या. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात अडकलात तर हा आयताच मिळतो. मग उभ्या गाडीवर २५०० आरपीएम धरून. तिसरा लोडवर, मी साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढतो. शेजारी कोणालातरी बसवा, मोबाइल त्याच्या हातात द्या.

आयडलला अधिक वीस आणि रेस दिल्यावर जवळपास नेहमीवर, तर कुठूनतरी चोरटी हवा आत जातेय. आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, म्हणून छोट्या फटीतली हवाही मोठी ठरते. आयडलला ठीक आणि घाटात वाढत जाणारा आकडा असेल, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा एअरफ्लो सेन्सर हवा कमी मोजतोय.

चोरट्या हवेसाठी मी सगळ्यात आधी मागची डिकी उघडतो. ऑइल ओतायच्या झाकणापासून इंजिनपर्यंत एक नालीदार प्लास्टिकची नळी जाते. वीस-पंचवीस वर्षांच्या उष्णतेनं ती कडक होते आणि नालीच्या घडीत चिरते. वरून बघितलं तर धड दिसते. बोटानं घडी थोडी फाकवली की आतली चीर उघडते, तिच्याभोवती तेलकट धुळीचा काळा पट्टा असतो. शिवोलीहून आलेल्या एका गाडीत पी११२८ आणि पी११३० दोन्ही होते, मालकानं सेन्सर आधीच बदललेले, आणि कारण एवढंच निघालं.

मग ऑइल सेपरेटर, म्हणजे इंजिनमधल्या वाफेतून ऑइल वेगळं करणारा भाग. आयडलला ऑइलचं झाकण काढून बघा. थोडी ओढ असणं बरोबर आहे. झाकण उचलायला जोर लागत असेल तर सेपरेटरचा पडदा फाटलाय. अशी गाडी सकाळी स्टार्ट करताना पांढरा धूरही सोडते. बाकीच्या पाइपांसाठी स्मोक टेस्टच करा: हलक्या प्रेशरवर आत धूर सोडायचा आणि तो कुठून बाहेर येतो ते बघायचं. तापलेल्या इंजिनवर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची सवय मला मान्य नाही. या गाडीचं इंजिन सीटमागे असतं, त्या अरुंद जागेत आग लागली तर हात घालायला वाट नसते.

एअरफ्लो सेन्सर खास त्याच्याच क्लीनरनं धुवा, ब्रेक क्लीनर नको. त्याचा वायरचा कपलर काढल्यावर गाडी सुधारली तर संशय पक्का. पेट्रोलचं प्रेशर आयडलला ३.३ बारच्या आसपास, प्रेशर राखणाऱ्या रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर ३.८ च्या आसपास हवं. त्या पाइपात पेट्रोलचा वास आला तर रेग्युलेटर गेलाय आणि गाडी रिच चालणार. रिचची बाकी कारणं म्हणजे गळका इंजेक्टर, किंवा इंजिन तापलेलं असूनही थंड असल्याचं सांगणारा कुलंट सेन्सर.

गोव्यात आणखी दोन गोष्टी बघाव्याच लागतात. समुद्राजवळच्या गाड्यांचे एक्झॉस्टचे बोल्ट खाऱ्या हवेनं गंजतात. सेन्सरच्या आधी जोड फुटला की बाहेरची हवा आत शिरते आणि मिक्स्चर बरोबर असूनही लीन दिसतं. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीत उंदीर एअर फिल्टरच्या बॉक्समध्ये घर करतात, वायरी कुरतडतात. पाऊस संपल्यावर पहिल्यांदा स्टार्ट करण्याआधी बॉक्स उघडून बघा.

एवढं करूनही सेन्सरवर संशय असेल तर त्याचे व्होल्ट बघा. गरम इंजिनवर पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ मध्ये सतत वरखाली व्हायला हवा. एक छोटा व्हॅक्यूम पाइप क्षणभर काढा: व्होल्ट खाली आले आणि पाइप लावल्यावर परत हलायला लागले, तर सेन्सर जिवंत आहे.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, गाडी काही दिवस नेहमीसारखी चालवा आणि त्याच तीन ठिकाणी आकडे पुन्हा घ्या. दिवा नाही, पण आयडलला ट्रिम अजून पंधराच्या आसपास असेल, तर दुसरी गळती शिल्लक आहे. ऑइलची नळी बदलली असेल तर सेपरेटरखालचा रबरी बेलो, म्हणजे घड्यांची जोडनळी, बघा. तो त्याच वयाचा असतो, त्याच उष्णतेत बसलेला.