स्लॅबला चुना मारायचाय? होळीच्या आधीच उरका

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा 42 अंशांच्या पुढे जातो, पण खरा त्रास रात्रीचा. दिवसभर तापलेला स्लॅब झोपायच्या वेळेला खोलीत उष्णता सोडत बसतो. त्यावर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला पांढरा चुना. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो, त्यामुळे स्लॅब मुळात कमी तापतो.

कळीचा चुना आदल्या दिवशी प्लास्टिकच्या नव्हे, लोखंडी पिंपात भिजवा. पाणी पडताच तो उकळतो, म्हणून लांब काठीने हलवा, डोळ्यांना चष्मा आणि हातमोजे हवेतच. मुलांना तिकडे फिरकू देऊ नका. दुसऱ्या दिवशी कापडातून गाळा आणि थोडा फेविकॉल मिसळा, म्हणजे हाताला पांढरं लागत नाही.

गच्ची झाडून धुवा, भेगा आधी बुजवा. स्लॅब ओलसर असतानाच, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर कुंचा फिरवा. भर उन्हात मारलेला चुना पापुद्रे धरून सुटतो. पातळ दोन-तीन हात द्या, एकच जाड थर नको. उन्हाळ्यात गच्चीवर धूळ साचली की पांढरेपणा कमी होतो, तेव्हा अधूनमधून झाडू मारा. पावसाळ्यात चुना बराच धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा मारायची तयारी ठेवा.

पत्र्याच्या घरांना मात्र चुना नको, जस्ताचा थर खराब होतो. तिथे पत्र्यासाठीचा पांढरा उष्णतारोधक रंगच घ्या. आणि गच्चीवर पाणी मारत बसू नका. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात ते परवडत नाही.