हिवाळ्यात वसंताची चाहूल टिपताय? मग या चुका टाळा

जानेवारी-फेब्रुवारीत कॅमेरा घेऊन गावाबाहेर चक्कर मारून आलेल्या माणसाला विचारा, काय मिळालं? उत्तर ठरलेलं असतं, "काही नव्हतं रे तिकडे." सगळं करडं, वाळलेलं, झाडं उघडीबोडकी, आणि कार्डमध्ये ढीगभर फोटो जे सगळे एकमेकांसारखेच दिसतात. पण तिकडे बरंच काही चालू असतं, फक्त ते काही मिलिमीटरचं असतं आणि दहा फुटांवरून दिसत नाही, एवढाच काय तो प्रॉब्लेम. त्यामुळे लेन्स बदलायच्या आधी काय शोधायचं आणि कुठून बघायचं तेवढं बदलून बघा.

पहिली चूक: फुलं शोधत फिरणं

हे सगळ्यात जास्त जण करतात. वसंत म्हणजे फुलं असं डोक्यात बसलेलं असतं, फूल दिसलं नाही की पुढे चला. आता थंड प्रदेशातल्या बहुतेक झाडांचं गणित असं असतं की पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन बसलेल्या असतात, हिवाळाभर त्या खवल्यांच्या आत बंद राहतात, आणि दिवस मोठा व्हायला लागला, थोडी ऊब आली की फुगायला लागतात. म्हणजे शोधायचं काय, तर फुगलेली कळी. खवले एकमेकांपासून किंचित सुटलेले असतात आणि मधल्या फटीत फिकट हिरवी रेघ दिसते. ती रेघ दिसली की समजायचं गाडी निघाली.

हेझेल हे थंड प्रदेशातलं झाड घ्या. त्याचे लोंबते तुरे सगळ्यांना दिसतात, पिवळे होऊन हलायला लागले की लोक फोटो काढतात आणि निघून जातात. पण ते झाले नर फुलांचे तुरे. त्याच फांदीवर, अगदी साध्या दिसणाऱ्या एका कळीच्या टोकातून गडद लाल रंगाचे बारीक धागे बाहेर आलेले असतात, जेमतेम काही मिलिमीटर, ते मादी फूल. पानं यायच्या आधीच वाऱ्यावर परागीभवन उरकायचं असतं त्याला, कारण पानं आली की पराग अडतात. माहीत नसेल तर हे फूल वर्षानुवर्षं डोळ्यासमोर असून दिसत नाही, आणि एकदा दिसलं की मग प्रत्येक फांदीवर दिसतं.

बर्फ न पडणाऱ्या गरम भागात खुणा वेगळ्या असतात पण शोधायची पद्धत तीच. पळस पेटायच्या आधी त्याच्या निष्पर्ण फांद्यांवर काळपट-तपकिरी मखमली कळ्यांचे घोस लागतात, लांबून ते वाळलेल्या कचऱ्यासारखे वाटतात म्हणून कोणी बघत नाही. जवळ जाऊन बघा, त्या मखमलीच्या टोकाला कुठेतरी केशरी रंग डोकावत असतो. मला विचाराल तर पूर्ण फुललेल्या पळसाच्या फोटोपेक्षा हा फोटो कितीतरी भारी. काटेसावरीचंही तसंच, पानं गळून गेलेली आणि फांद्यांवर जाडजूड गोलसर कळ्या. आंब्याचा मोहोर तर कित्येकदा ऐन थंडीतच येतो, आणि तिथे मधमाशीच्या फोटोची वाट बघत बसू नका, मोहोरावर बऱ्याचदा साध्या माश्याच जास्त असतात आणि परागीभवनाचं बरंचसं काम त्याच करतात, त्यांनाच टिपा.

वर बघायचा कंटाळा आला की खाली बघा, कळ्यांचे गळलेले खवले, पाखरांनी कुरतडून टाकलेली फुलं झाडाखाली पडलेली असतात आणि वर काय चाललंय ते सांगतात.

नसलेला वसंत दिसणं

याच्या उलटही होतं. मॉस (बुंध्यांवर-दगडांवर वाढणारं शेवाळासारखं) हिरवंगार दिसलं म्हणून "वसंत आला!" असं कॅप्शन टाकून मोकळे. अहो, मॉस ओल्या हिवाळ्यात तसंही हिरवंच असतं. हेझेलचे आणि आल्डर या झाडाचे घट्ट बंद तुरे तर शरद ऋतूपासूनच फांदीवर लटकलेले असतात, ते दिसणं ही खूण नाही, ते सैल पडून लांब होणं ही खूण. गोर्स या काटेरी झुडपाला तर वर्षभर कधीही फुलं सापडतात, त्याच्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. गेल्या वर्षीच्या वाळलेल्या बोंडांनाही लोक कळ्या समजतात. साधी टेस्ट आहे, मागच्या आठवड्याच्या फोटोशी ताडून बघायचं, काही बदललंय का? बदललं नसेल तर ती खूण नाही.

आणि हो, कॅलेंडरच्या भरवशावर राहू नका. उत्तर गोलार्धात हवामानवाल्यांचा वसंत १ मार्चला सुरू होतो, खगोलवाल्यांचा २० किंवा २१ मार्चच्या आसपास, आणि स्नोड्रॉप हे छोटं पांढरं फूल कित्येक ठिकाणी जानेवारीतच जमिनीतून वर आलेलं असतं.

फोटोत सगळा काड्यांचा गुंता

ही तक्रार भरपूर येते. डोळ्याला कळी मस्त दिसते, फोटोत मात्र तिच्यामागे पन्नास फांद्या आणि कळी गायब. कारण मेंदू नको असलेल्या फांद्या आपोआप वगळतो, कॅमेरा नाही वगळत. आधी कळी विसरा आणि तिच्या मागे काय आहे ते बघा. दोन पावलं डावीकडे, एक पाऊल मागे, जरा खाली बसून, असं करत करत मागे लांबची टेकडी, सावलीतला बांध किंवा मोकळं शेत येईल अशी जागा शोधा. बॅकग्राउंड जितकं लांब तितकं ते विरघळतं. मोठ्या फोकल लेंथची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स असेल तर उत्तम, १०० मिलिमीटरच्या पुढची कुठलीही चालेल, कारण तिच्यात मागचा फारच थोडा तुकडा येतो. ढगाळ पांढरं आकाश मागे घेऊ नका, कळी काळी पडते आणि कडा जळल्यासारख्या दिसतात.

जमिनीवरच्या फुलांना तर उभ्याने फोटो काढणं म्हणजे त्यांच्या टकलाचा फोटो काढणं. स्नोड्रॉप मान खाली घालून असतो, त्याच्या आतल्या पाकळ्यांवरचे हिरवे ठिपके बघायचे तर कॅमेरा जमिनीला टेकवावाच लागतो. कपडे ओले होणार, एखादी जुनी प्लास्टिकची शीट सोबत ठेवा.

फोकस मागेच जातोय, काय करू?

बारीक काडी आणि मागे मोठं झुडूप असलं की ऑटोफोकस हमखास झुडूप पकडतो. कॅमेऱ्यात एकच छोटा फोकस पॉइंट निवडा, तरी ऐकत नसेल तर मॅन्युअलवर जा, रिंग एका जागी ठेवा आणि स्वतःच किंचित पुढेमागे झुलत शार्प झाल्यावर शटर दाबा. ऐकायला विचित्र वाटेल पण क्लोजअपमध्ये रिंग फिरवत बसण्यापेक्षा हे सोपं पडतं.

मोबाइलवाल्यांसाठी एक जुगाड: कळीच्या मागे आपला तळहात धरा, स्क्रीनवर कळीवर बोट दाबून ठेवून फोकस लॉक करा, मग फोन न हलवता हात काढून घ्या. फार जवळ गेलं की काही फोन आपणहून दुसऱ्या लेन्सवर उडी मारतात आणि फ्रेम एकदम बदलते, रंगही बदलतात, अशा वेळी मॅक्रो मोड बंद करा, थोडं मागे या आणि नंतर क्रॉप करा.

शार्प आहे पण अर्धंच शार्प आहे, ही पुढची तक्रार. त्यात कॅमेऱ्याची काही चूक नाही. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) खऱ्या मॅक्रोत, म्हणजे वस्तू सेन्सरवर जशीच्या तशी त्याच मापाची येते तेव्हा, एफ ८ ला सुद्धा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं भोक लहान) शार्प पट्टा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. मग लोक सरळ एफ २२ करतात आणि सगळंच मऊ पडतं, कारण एवढ्या जवळून लेन्स प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट आकड्यासारखी वागते आणि डिफ्रॅक्शन, म्हणजे लहान भोकातून जाताना प्रकाशाचं पसरणं, सुरू होतं. त्यापेक्षा थोडं लांबून घ्या, एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा, आणि कॅमेरा फांदीला समांतर धरा म्हणजे कळी पूर्ण त्या पट्ट्यात बसते. फोकस स्टॅकिंगही (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) करता येतं, पण वारा असेल तर नाद सोडा.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. पहाटे आणि सूर्योदयाच्या सुमारास हवा बहुतेक वेळा स्थिर असते, तेव्हा जा. नंतर गेलात तर वाऱ्याच्या बाजूला आपण स्वतः आडवे उभे राहा, छत्री धरा, शटर १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. थोडा नॉइज (दाणेदारपणा) चालतो, हललेली कळी कशानेही सरळ होत नाही. ट्रायपॉड आहे म्हणून निवांत राहू नका, ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर होतो, फांदी नाही होत!

बर्फ करडा का येतो, आणि लाल फूल नुसता डाग का दिसतो?

दोन्हीचं मूळ एकच, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर. त्याला समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं करून टाकायची सवय असते. समोर बर्फ, दंव किंवा दाट धुकं असलं की त्याला वाटतं फारच उजेड आहे, म्हणून तो फोटो अंधारा करतो. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) +१ ते +२ च्या मध्ये ठेवून बघा, हिस्टोग्राम (फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख) उजवीकडे सरकला पाहिजे पण भिंतीला आपटायला नको.

लाल-केशरी फुलांमध्ये उलटं होतं. पळस, पांगारा, काटेसावर यांच्यावर ऊन पडलं की बाकीचा फोटो बरोबर दिसत असतानाही लाल चॅनल आधीच भरून वाहायला लागतो, पाकळीवरच्या रेषा नाहीशा होतात आणि उरतो नुसता सपाट लाल गोळा. साध्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर हे कळत नाही, लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा हिस्टोग्राम चालू करा. एक्सपोजर पाऊण-एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये शूट करा, आणि एडिट करताना सॅच्युरेशनच्या स्लायडरला हात लावू नका, ही रिक्वेस्ट समजा.

व्हाइट बॅलन्स (रंगछटा ठरवणारी सेटिंग) ऑटोवर असेल तर सकाळचं सोनेरी ऊन कॅमेरा पुसून टाकतो, तेव्हा डेलाइट सेट करा. कोवळी पानं आणि केसाळ कळ्या असतील तर सूर्य समोर घेऊन बघा. कोवळ्या पानातून उजेड आरपार येतो, आणि विलो झाडाच्या रुपेरी तुऱ्यांवरची लव प्रकाशाविरुद्धच चमकते, ऊन आपल्या पाठीशी घेतलंत तर ते नुसते कापसाचे बोळे दिसतात. दंव हवं असेल तर उशीर नको, ऊन लागल्यावर ते भराभर वितळतं.

कडाक्याच्या थंडीत बॅटरी लवकर झोपते, जास्तीची आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. घरात येताना कॅमेरा बाहेरच घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घाला आणि घरातल्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, म्हणजे पाणी पिशवीवर धरेल, लेन्सवर नाही. कार्ड आधीच काढून घ्या, नाहीतर फोटो बघायच्या घाईत पिशवी उघडलीच म्हणून समजा.

एकदाच जाऊन येणं

माझ्या मते खरी मोठी चूक ही. एका फेरीत वसंताची चाहूल दिसत नाही, कारण चाहूल म्हणजे कालच्यात आणि आजच्यात पडलेला फरक, आणि एका फोटोत फरक कसा दिसणार. एक फांदी ठरवा, घरापासून चालत जाता येईल अशी, आणि दर तीन-चार दिवसांनी तिचाच फोटो काढा. तीच जागा, तीच फोकल लेंथ, शक्यतो तीच वेळ. उभं राहायच्या जागेला दगडाची खूण करा, आणि आधीचा फोटो मोबाइलमध्ये उघडून त्याच्याशी फ्रेम जुळवा. दोन आठवड्यांनी ओळीने लावून बघितलंत की कळी फुगताना दिसते.

हा नाद नवा नाही. इंग्लंडमध्ये नॉरफकच्या रॉबर्ट मार्शमने १७३६ साली अशाच खुणा लिहून ठेवायला सुरुवात केली, स्नोड्रॉप कधी फुलला, पहिली पाकोळी कधी आली, बेडूक कधी ओरडले, ओकला पानं कधी फुटली, आणि त्याच्या घराण्यात हे काम १९५८ पर्यंत चालू राहिलं. जपानमध्ये क्योटोच्या चेरी बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापासून मिळतात, २०२१ मध्ये तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर आला आणि तोपर्यंतच्या नोंदींमधला तो सगळ्यात लवकरचा ठरला. हे कळू शकलं ते कुणीतरी तारखा नीट लिहिल्या म्हणूनच.

म्हणून आधी कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की तारीख बऱ्याचदा रीसेट होते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. दुसरं, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवलेल्या फाइलमधून तारीख-जागेची एक्झिफ माहिती उडते, ओरिजिनल जपून ठेवा, पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फोटोपायी मोडतोड

मध्ये येणारी फांदी मोडू नका, दोरीने किंवा कपड्याच्या चिमट्याने हलकेच बाजूला धरा आणि नंतर सोडा. कळी उघडून आत बघायचा मोह टाळा, ती परत मिटत नाही. कंदाची फुलं असतात तिथे वाफ्यात पाय टाकताना बघून टाका, अजून वर न आलेले कोंब पायाखाली येतात. पाखरं याच दिवसांत गायला आणि घरटी बांधायला लागतात, त्यांना समोर आणायला मोबाइलवर आवाज वाजवू नका, आणि काडी चोचीत धरलेलं पाखरू तुम्हाला बघून नुसतं इकडून तिकडे उडतंय, घरट्याकडे जातच नाहीये असं दिसलं, तर तुम्ही फार जवळ आहात, तिथून मागे या.