जुळ्यांचा डायपर सोडवताय? या चुका टाळा

मे महिना संपत आला की आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरी कुणी ना कुणी जुळ्यांची आई येऊन बसते. कधी नात्यातली, कधी मैत्रिणीची जाऊ. म्हणणं ठरलेलं असतं: "जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होतोय, पंधरा दिवसांत दोघांचाही डायपर सुटायला पाहिजे." माझे सोन्या आणि चिमी आता पाच वर्षांचे आहेत. त्यांच्या वेळी मलाही हीच घाई होती आणि ती सोन्याला फार जड गेली. तेच पुन्हा दुसऱ्या घरात होताना दिसलं की जीव तुटतो.

दोघांना एकाच दिवशी बसवणं

जन्मतारीख एक म्हणून शू धरून ठेवायची ताकद दोघांना एकाच दिवशी येत नाही. चिमी दोन वर्षांची झाली तेव्हाच दुपारच्या झोपेतून कोरडी उठायची. शी आली की पडद्यामागे जाऊन उभी राहायची, ओली चड्डी स्वतः ओढून काढायची. सोन्याला मात्र आपण ओले झालोय याचंही काही वाटत नव्हतं. साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मुलं तयार होतात आणि मुली बहुतेकदा थोड्या आधी. दीड-दोन तास कोरडं राहणं, शी-शू आल्याचं शब्दांनी किंवा हावभावांनी सांगणं, चड्डी खाली-वर करता येणं, ही लक्षणं ज्याच्यात दिसतील त्याचं सुरू करावं. दुसऱ्याचा डायपर तसाच ठेवावा आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नये.

अवघड जातं ते हे अवाक्षर न काढणंच. "बघ, चिमी कशी शहाण्यासारखी बसते" हे वाक्य आमच्या घरात दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी म्हणायचं, मीसुद्धा. महिन्याभरात सोन्या पॉटी नुसती दिसली तरी दुसऱ्या खोलीत पळायला लागला. आता कुणी विचारायला आलं की मी आधी घरातल्या मोठ्या माणसांना बसवून सांगते की तुलना बंद.

पॉटी मात्र दोन घ्या, एकाच रंगाच्या. जेवल्यावर पोट भरलं की आतड्यांची हालचाल वाढते, आणि जुळी जेवतात एकत्र, म्हणून त्यांना शीही बरेचदा एकाच वेळी येते. "आधी ती, मग तू" असं त्या वेळी सांगून चालत नाही.

पोट साफ नसताना सुरुवात करणं

ही चूक मी कुणालाच करू देत नाही. आई कुठल्याही प्रश्नाने सुरुवात करो, माझा पहिला प्रश्न एकच असतो: शी कशी होते?

आमचे मामंजी तालमीतले. नातवंडांनी दूध पिऊन अंग धरावं ही त्यांची हौस. रोज संध्याकाळी गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन समोर धार काढलेलं म्हशीचं दूध किटलीत आणायचे. मी ते तापवून सकाळ, दुपार, रात्र दोघांना द्यायची. चिमी अर्धं टाकायची. सोन्या मात्र लिटरभर दूध सहज रिचवायचा आणि भाकरी-भाजीला तोंड लावायचा नाही. सासूबाई म्हणायच्या, "पोरगं दूध पितंय तवर काळजी न्हाई." मलाही पटायचं.

त्याला तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी व्हायची, जाड आणि घट्ट. एकदा रक्ताचा थेंब दिसला. नंतर तो कोपऱ्यात जाऊन पायांवर पाय आवळून, चवड्यांवर उभा राहून, लालबुंद व्हायचा. मला वाटायचं तो जोर करतोय. मी त्याला उचलून पॉटीवर बसवायची, अर्धा अर्धा तास, वरून रागवायचीही. खरं तर तो जोर करत नव्हता, शी आत ओढून धरत होता. एकदा दुखलं म्हणून तो धरत होता, धरल्यामुळे ती आणखी कडक होत होती आणि पुढच्या वेळी आणखी दुखत होतं.

मग एका आठवड्यात त्याची चड्डी दिवसभर पातळ शीने भरायला लागली. आम्ही समजलो जुलाब झाले. सासूबाईंनी जायफळ उगाळून चाटवलं, मी दहीभात दिला. पाचव्या दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि माझा हात धरून तिथेच ठेवला. डाव्या बाजूला खाली कडक गोळा लागत होता. आत शी साठून बसली होती आणि तिच्या कडेने पातळ शी झिरपत होती. अशा वेळी मुलाला ती आलेली कळतसुद्धा नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला रडू आलं. जे त्याला कळतच नव्हतं त्यासाठी मी त्याला ओरडत होते. साठलेल्या शीचा दाब मूत्राशयावर येतो, म्हणून शूचे घोटाळेही वाढतात.

डॉक्टरांनी शी मऊ करणारं औषध दिलं. ते काही महिने चालू ठेवावं लागलं. दोन दिवस बरं वाटलं की बंद करणारे बरेच असतात, तसं करू नका. दूध दिवसाला दोन छोट्या कपांवर, म्हणजे ४०० मिलीच्या आसपास आणलं. मामंजींना वाईट वाटलं, पण तेच मग दुधाऐवजी पपई आणि पेरू आणू लागले. पॉटी माळ्यावर टाकली, डायपर परत बांधला. दोन महिन्यांनी पॉटी खाली काढली तेव्हा सोन्या स्वतःहून जाऊन बसला.

म्हणून माझा नियम आहे: सलग पंधरा दिवस मऊ शी झाल्याशिवाय सुरुवात नाही. प्लेग्रुपची तारीख आली तरी नाही.

आषाढात मुहूर्त काढणं

कोल्हापूरचा पाऊस एकदा लागला की चड्ड्या चार दिवस वाळत नाहीत. जुळ्यांना सुरुवातीला दिवसाला पंधरा-वीस चड्ड्या लागतात. मग दमट चड्डी घातली जाते, पुरळ उठतं आणि मूल चड्डीलाच वैतागतं. माझ्या नात्यातल्या एकीने जुलै २०२१ मध्ये सुरुवात केली, तेवढ्यात पंचगंगेला पूर येऊन शहराचे नळ बंद पडले. दिवाळीनंतर सुरू करा, नाहीतर गुढीपाडव्यानंतर लगेच. सैल इलॅस्टिकच्या सुती चड्ड्या दोन डझन घ्या. बटणाची जीन्स आणि नाडीचा पायजमा या काळात कपाटातच राहू द्या.

बाकीच्या लहान चुका

दर दहा मिनिटांनी "शू आली का?" विचारू नका, उत्तर "नाही" असंच येतं. उठल्यावर, जेवल्यावर आणि बाहेर पडण्याआधी नेऊन बसवा. पाच मिनिटं पुरे.

चड्डी ओली होते म्हणून पाणी कमी करू नका. त्याने शी कडक होते आणि लघवीला जळजळ होते. जळजळ, ताप किंवा लघवीला घाण वास आला तर डॉक्टरांना दाखवा.

कमोडवर पाय लोंबकळत असतील तर जोर करता येत नाही. पायाखाली स्टूल द्या. आम्ही स्वयंपाकघरातले दोन पाट एकावर एक घट्ट बांधले होते.

मुलींना पुढून मागे धुवायला शिकवा, कधीच उलटं नाही.

एकाला शी झाली म्हणून चॉकलेट आणि दुसऱ्याला नाही, हे जुळ्यांच्या घरात करूच नका.

आजीने तान्हेपणी पायांवर धरून शी करवली असेल तर उत्तमच, मुलाला बसण्याची सवय होते. पण ती वेळ आजीने ओळखलेली असते. मुलाला स्वतःला कळायला आणखी वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, त्यावरून सासूशी वाद नको.

तीन दिवसांत डायपर सोडवायचे व्हिडिओ सगळेच पाठवतात. तयार असलेल्या मुलाला तीन दिवसही पुरतात. तयार नसलेल्याच्या वाट्याला त्या तीन दिवसांत नुसता धाक येतो.

रात्रीचा डायपर दिवसाबरोबर काढू नका. रात्री कोरडं राहणं शरीर वाढेल तसं येतं, शिकवून येत नाही. पाच वर्षांच्या कितीतरी मुलांचं अंथरूण ओलं होतं. चिमी तीन वर्षांची असतानाच रात्री कोरडी राहू लागली. सोन्याची गादी अजून आठवड्यातून एखाद्या रात्री भिजते. मी चादरीखाली रबर शीट घालते, सकाळी चादर बदलते आणि चिमी उठायच्या आत त्याला आंघोळीला नेते.