अंधुक नोंदीमुळे परत आलेले दावे: माझा अनुभव

जुळे सोलापुरातील घरी बसून मी अमेरिकेतील एका नेत्रचिकित्सालयाचे वैद्यकीय कोडिंग करते, म्हणजे विमा दाव्यांसाठी डॉक्टरांच्या नोंदींना ठरावीक निदान-कोड लावते. दृष्टिदोषाचे काही दावे सतत परत येऊ लागले, तेव्हा चूक विमा कंपनीची असावी असेच मी गृहीत धरले होते. जुन्या फायली उघडल्यावर दिसले की, डॉक्टर केवळ ‘नजर कमी’ असे लिहीत आणि मी त्यावर एच५४.७, म्हणजे अनिर्दिष्ट दृष्टिनाश, हा कोड लावून मोकळी होत असे. तो सोयीचा होता, एवढेच.

मग मी डॉक्टरांना प्रत्येक डोळ्याची, चष्मा लावून मोजलेली दृष्टितीक्ष्णता (किती स्पष्ट दिसते त्याचे माप) स्वतंत्रपणे लिहिण्याची विनंती केली. उजवा २०/१०० आणि डावा २०/३०० अशी नोंद आली, की उजवा दृष्टिदोषाच्या तीव्रतेच्या पहिल्या व डावा दुसऱ्या श्रेणीत बसतो आणि कोड एच५४.२एक्स१२, म्हणजे दोन्ही डोळ्यांची कमी दृष्टी, ठरतो. शेवटच्या दोन अंकांत आधी उजवा, मग डावा. ही अदलाबदल मी स्वतः दोनदा केली आहे. शिवाय मधुमेही दृष्टिपटलविकारासारखे मूळ कारण आधी नोंदवावे लागते, दृष्टिदोषाचा एच५४ गटातला कोड त्यानंतर. तेव्हापासून या कारणाने दावा परत आलेला नाही.