राजाबाई टॉवर वॉटरकलरमध्ये, तेही जळगावच्या उन्हाळ्यात

मुंबईला गेलो की माझं ठरलेलं, चर्चगेटला उतरायचं, ओव्हल मैदान गाठायचं आणि युनिव्हर्सिटीच्या राजाबाई टॉवरसमोर स्केचबुक उघडायचं. रंगकाम मात्र घरी जळगावला. व्हिडिओत सांगतात की वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर मारा, मग ओल्यातच दुसरा रंग सोडा, अरे भो, इथे मे महिन्यात पारा ४४च्या वर, दुसरा रंग कालवेपर्यंत कागदाचा गच्चीवरचा पापड झालेला असतो!

आधी ड्रॉइंग. टॉवर २८० फुटी आहे, जवळून मान वर करून काढला तर उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींना भेटायला लागतात, म्हणून मैदानाच्या पार पलीकडच्या कडेला जा. हात ताणून पेन्सिलीवर रुंदी धरा, ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा आणि पानावरही तेवढीच बसवा. पहिल्यांदा मी हे न करता थेट घड्याळापासून सुरू केलं, कळस पानाबाहेर गेला.

वेळ महत्त्वाची. मैदानाकडची बाजू पश्चिमेला आहे, सकाळी ती सगळी सावलीत असते आणि पाचनंतर ऊन समोरून पडतं, दिसतं सोनेरी पण सावल्या गायब. दीड-दोनला ऊन वरून भिंतीला घासत उतरतं, तेव्हा प्रत्येक सज्जाखाली, कमानीच्या आत गडद पट्टा येतो, तेवढा फोटो काढून घ्या. फोटोवरून रंगवायची लाज वाटत असेल तर सांगतो, टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला आणि डिझाइन करणारा गिल्बर्ट स्कॉट मुंबईला कधी आलाच नाही.

आता रंग. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर कॉटन पेपर घ्या, स्पंजने मागून पुढून भिजवा आणि काचेवर चिकटवा, मागचं पाणी कागद बराच वेळ ओला ठेवतं. पंखा बंद, कूलर चालू पण तोंड भिंतीकडे. कुर्ल्याचा पिवळट दगड आहे, त्यासाठी यलो ऑकर (मातकट पिवळा), किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), भरपूर पाणी, वरून खाली एकाच दमात. ओलं असतानाच पायथ्याशी थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) सोडा. मग वाळेपर्यंत ब्रश लावू नका. पालथा हात टेकवून गार लागलं तर अजून ओलं आहे.

सावलीला काळी ट्यूब नको, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कालवून जो राखाडी येतो तो दगडाला शोभतो. एकदाच लावायचा, परत घासला की चिखल. खिडक्या सगळ्या मोजत बसू नका, मधल्या चार-पाच नीट, बाकीचे नुसते ठिपके. पुढची ताडाची झाडं सगळ्यात गडद, ती पायथा झाकतात, म्हणजे तिथलं चुकलेलं ड्रॉइंगही झाकतात.

घड्याळाची तबकडी कोरीच सोडा, पांढरा रंग नको. काटे शेवटी झिरो नंबरच्या ब्रशने. मी नेहमी दोन वाजलेले दाखवतो, सावल्या तेव्हाच्या आहेत ना.